पश्चिमेची तापणारी भिंत : जुन्या फ्लॅटचे उष्णतारोधन आणि आपला धंदा

मार्च उजाडला की मालेगाव, भिवंडी, अकोला, नागपूर येथील जुन्या इमारतींतून एकच तक्रार ऐकू येते. दिवस मावळतो, बाहेर वारा सुटतो, पण घरातली पश्चिमेकडची भिंत रात्री बारापर्यंत तव्यासारखी तापलेली असते. पलंग भिंतीपासून ओढून घ्यावा लागतो, लहान मुले झोपत नाहीत. १९७० ते १९९० या काळात उभ्या राहिलेल्या तीन-चार मजली इमारतींत हा त्रास विशेष आहे. अशा घरांचे मालक आता भिंतीला आतून थर्माकोल, रॉकवूल, जिप्सम बोर्ड लावून घेण्याचे काम विचारू लागले आहेत. हे काम करणारे हात आपल्याच मोहल्ल्यांत आहेत. पीओपीचे कारागीर, पेंटर, सुतार, गवंडी आणि थर्माकोल, हार्डवेअर विकणारे दुकानदार या सर्वांना त्यात रोजगार आहे. मात्र हे काम नीट समजून न घेता केले तर ग्राहकाचे पैसे वाया जातात, भिंत सडते आणि आगीचा धोका घरात येतो. म्हणून या आठवड्यात या कामाचा धडा थोडा सविस्तर घेण्याचे आम्ही ठरवले आहे.

प्रथम, भिंत रात्रीच का तापते ते पाहू. मे महिन्यात महाराष्ट्रात सूर्य दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. मुंबईत तर मेच्या मध्यास तो अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसे ऊन लागत नाही. सर्वांत जास्त ऊन गच्ची घेते आणि त्याखालोखाल पूर्व व पश्चिम भिंती घेतात. पूर्वेची भिंत सकाळी तापते, तेव्हा हवा थंड असते. पश्चिमेला ऊन लागते ते दुपारी तीन ते सहा, म्हणजे हवाही सर्वांत गरम असताना. विटांची जाड भिंत ही उष्णता लगेच आत सोडत नाही. ती पोटात साठवते आणि काही तासांनी आतल्या बाजूला देते. नऊ इंची भिंतीतून ती आत पोहोचेपर्यंत रात्र झालेली असते.

यावरून धंद्याची पहिली गोष्ट लक्षात यावी. उत्तरेची भिंत, जिन्याकडची भिंत किंवा शेजारच्या घराला लागून असलेली भिंत उष्णतारोधक करण्याचे पैसे घेणे म्हणजे ग्राहकाला फसवणे होय. काही ठेकेदार चारही भिंतींचे चौरस फूट मोजून दर सांगतात. असे बिल मोठे होते खरे, पण पुढच्या उन्हाळ्यात तो ग्राहक दहा जणांना काय सांगेल?

दुसरी गोष्ट अशी की, भिंत हा प्रत्येक वेळी पहिला इलाज नसतो. फ्लॅट सर्वांत वरच्या मजल्यावर असेल तर आधी गच्ची पाहावी. गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा निदान दरवर्षी चुन्याची सफेदी केली तर छत बरेच कमी तापते. त्यानंतर खिडकी. पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन आत येत असेल तर भिंतीवर कितीही खर्च करा, खोली तापणारच. खिडकीला बाहेरून छज्जा, बांबूची चिक किंवा कोरड्या हवेच्या विदर्भ-खानदेशात वाळ्याचा पडदा लावणे हे स्वस्त आणि खात्रीचे काम आहे. पडदा आतून लावल्याने तेवढा उपयोग होत नाही, कारण तोवर ऊन काचेतून आत आलेले असते. भिंतीला बाहेरून फिकट रंग देणे हाही चांगला उपाय आहे. गडद रंगाची भिंत उन्हाचा मोठा हिस्सा शोषून घेते, पांढरी भिंत त्याच्या निम्म्याच्या आसपास. हे तीन उपाय झाल्यावरही भिंत तापत असेल तर उष्णतारोधनाचे काम घ्यावे.

भिंतीचा हिशोब

काम घेण्यापूर्वी भिंतीची जाडी मोजावी. खिडकीच्या कडेला टेप लावला की ती कळते. दोन्ही बाजूंचा गिलावा धरून साडेदहा इंचांच्या आसपास माप आले तर भिंत नऊ इंची आणि सहा इंचांच्या आसपास आले तर साडेचार इंची समजावी. जुन्या काळी खर्च वाचवण्यासाठी बाहेरच्या भिंतीही साडेचार इंची किंवा सहा इंची सिमेंट ब्लॉकच्या घातलेल्या आढळतात.

भिंतीतून किती उष्णता आत येते हे मोजण्याचे एक माप आहे. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर भिंतीतून किती वॅट उष्णता जाते, हे त्यावरून कळते. विटांची नऊ इंची भिंत दोन्हीकडून गिलावा केलेली असेल तर हा आकडा सुमारे २ येतो, साडेचार इंची भिंतीचा २.८ च्या आसपास. नऊ इंची भिंतीवर आतून एक इंच थर्माकोल आणि त्यावर जिप्सम बोर्ड लावला की तो सुमारे ०.८ वर येतो, दोन इंच लावला तर सुमारे ०.५३ वर.

या आकड्यांकडे दुकानदारांनी नीट पाहावे. पहिल्या इंचाने आकडा २ वरून ०.८ वर आला, दुसऱ्या इंचाने ०.८ वरून ०.५३ वर. म्हणजे निम्म्याहून अधिक फायदा पहिल्या इंचातच मिळाला. तिसरा, चौथा इंच विकणे हे मालाची खपत वाढवण्याचे काम आहे, ग्राहकाच्या गारव्याचे नव्हे. ज्या खोलीत जागा कमी आहे तिथे एक इंचही पुरे. खोली मोठी असेल तर दोन इंच लावावा, त्यापुढे जाऊ नये असे आमचे मत आहे.

आता रुपयांचा हिशोब. बारा फूट लांब व दहा फूट उंच भिंत म्हणजे १२० चौरस फूट, सुमारे ११ चौरस मीटर. उन्हाने तापलेली बाहेरची बाजू खोलीच्या हवेपेक्षा सरासरी १५ अंशांनी गरम धरली तर नऊ इंची भिंतीतून ३३० वॅट उष्णता आत येते. दोन इंच थर्माकोल लावल्यावर ती ९० वॅटच्या खाली जाते. म्हणजे साधारण २४० वॅटची बचत झाली. एक टनाचा एसी खोलीतून ३५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, तेव्हा ही बचत त्याच्या क्षमतेच्या सात टक्क्यांएवढी आहे. विजेच्या भाषेत सांगायचे तर एसी एक युनिट वीज खाऊन तीन युनिट उष्णता काढतो असे धरू. रोज आठ तास चालणाऱ्या एसीची बचत शंभर दिवसांत सुमारे ६५ युनिट होते.

हा आकडा पुष्कळांना निराश करील, पण तो सांगायलाच हवा. ‘भिंत करून घ्या, विजेचे बिल निम्मे होईल’ असे सांगून काम मिळवणारे आहेत. ते खोटे आहे. एका भिंतीने बिल निम्मे होत नाही आणि खर्च विजेच्या बचतीतून लवकर निघतही नाही. मग लोकांनी हे काम का करावे? झोपेसाठी. तापलेल्या भिंतीचा आतला पृष्ठभाग खोलीतल्या हवेपेक्षा चार-पाच अंश अधिक गरम असतो आणि ती उष्णता थेट अंगावर फेकतो. पंखा फिरत असला तरी अंगाची आग होते ती यामुळे. थर्माकोल व बोर्ड लावल्यावर हा फरक एका अंशाच्या आसपास राहतो. भिंतीला लावून पलंग टाकता येतो. म्हातारी माणसे, आजारी माणसे, तान्ही मुले असलेल्या घरात याची किंमत मोठी आहे. साडेचार इंची भिंतीवर तर फायदा दीडपट होतो. ग्राहकाला हेच सांगून काम घ्यावे.

शक्य असेल तर काम घेण्यापूर्वी मोजणी करावी. बंदुकीसारखे दिसणारे इन्फ्रारेड थर्मामीटर आता हार्डवेअरच्या दुकानांतही मिळते. तीन दिवस दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा वाजता भिंतीचे आतले तापमान वहीत लिहावे. ऑइल पेंटच्या चकचकीत भिंतीवर कागदी टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरावा. काम झाल्यावर पुन्हा तसेच लिहावे. अशा चार घरांच्या नोंदी असलेली वही हीच आपली जाहिरात.

ओल आधी, थर्माकोल नंतर

कोकणपट्टीत, मुंबईत, मुंब्र्यात पश्चिमेची भिंत उन्हाबरोबर पावसाचाही मारा खाते. नैर्ऋत्येचा पाऊस थेट तिच्यावर आदळतो. बाहेरच्या गिलाव्याला भेगा असतील तर पाणी आत झिरपते, रंगाला पोपडे येतात, काळी बुरशी धरते. अशा भिंतीवर बोर्ड लावला की खोली एका दिवसात नवीकोरी दिसते. ग्राहक खूश, कारागीरही खूश. पण ओल मागे कोंडली जाते, भिंत सुकायची जागा बंद होते. दोन पावसाळ्यांत बोर्ड फुगतो, खोलीत कुबट वास येतो आणि तुळई-खांबातील लोखंड गंजून काँक्रीट सुटू लागते. ते आता बोर्डामागे असल्याने कोणाला दिसतही नाही. मालातला ऐब झाकून तो विकणे आणि हे काम, यात आम्हाला काही फरक दिसत नाही. भिंत ओली असेल तर आधी बाहेरून भेगा भरून गिलावा दुरुस्त करावा, एक पावसाळा जाऊ द्यावा, भिंत कोरडी राहिल्याची खात्री झाल्यावरच बोर्ड लावावा.

बाहेरची भिंत मात्र एकट्या सदनिकाधारकाची नसते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत तिची दुरुस्ती ही संस्थेची जबाबदारी असते. त्यामुळे परांची बांधण्यापूर्वी संस्थेच्या समितीची लेखी परवानगी ग्राहकाने आणावी, आपण तोंडी शब्दावर काम सुरू करू नये. इमारत तीस वर्षांपलीकडची असेल तर तिची संरचनात्मक तपासणी झाली आहे का, हेही विचारावे.

परदेशी पुस्तकांत बोर्डामागे, खोलीच्या बाजूने, प्लास्टिकचा कागद लावावयास सांगितलेले असते. ते थंड देशांसाठी ठीक आहे. तिथे घरातली दमट हवा थंड भिंतीकडे जाते. आपल्याकडे किनारपट्टीवर दमट हवा बाहेर असते आणि एसी लावलेली खोली आत थंड. ओल उलट दिशेने येते आणि त्या प्लास्टिकच्या मागे अडकते. म्हणून हा कागद लावू नये.

मुंबई शहरातील लाकडी चौकटीच्या, चुन्याच्या गिलाव्याच्या फार जुन्या इमारतींची गोष्ट वेगळी. त्यांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या असतात आणि त्या उन्हाला पुरून उरतात. त्या चुन्याला श्वास घेऊ द्यावा. त्यांवर सिमेंटचा गिलावा किंवा बोर्ड लावून कल्याण होत नाही. तिथे गच्चीचे किंवा पत्र्याचे काम असेल तर घ्यावे.

काही गवंडी आतून आणखी एक साडेचार इंची विटांची भिंत घालून मध्ये पोकळी ठेवण्याचा सल्ला देतात. नव्या बांधकामात ही पद्धत उत्तम. जुन्या इमारतीत बारा बाय दहा फुटांची अशी भिंत दोन टनांहून अधिक वजन त्या मजल्यावर टाकते. खालच्या तुळईने ते कधी अपेक्षिलेले नसते. इंजिनिअरच्या लेखी सल्ल्याशिवाय हे करू नये. थर्माकोल आणि बोर्डाचे वजन त्यामानाने फारच थोडे, प्रत्येक चौरस मीटरला दहा-बारा किलोच्या आसपास.

माल पारखणे

थर्माकोल विकत घेताना डोळ्यांवर नव्हे, काट्यावर भरवसा ठेवावा. एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिलिमीटर जाड तक्ता १५ घनतेचा असेल तर त्याचे वजन ३७५ ग्रॅम भरते, २० घनतेचा असेल तर ५०० ग्रॅम. टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगचा किंवा सजावटीचा हलका माल याच मापात अडीचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तो भिंतीला लावण्याचा नव्हे. आपल्या बिलावर जाडी आणि घनता दोन्ही लिहावी. ग्राहकाने विचारले नाही तरी लिहावी.

घनतेहून महत्त्वाची गोष्ट आग. साधा थर्माकोल पेट घेतो, वितळून टपकतो आणि काळा विषारी धूर सोडतो. आगरोधक केलेला माल ज्योत काढून घेताच विझतो. दुकानदाराने प्रत्येक नव्या खेपेतून एक तुकडा उघड्यावर, सांभाळून, पेटवून पाहावा. तरीही कोणताही थर्माकोल खोलीत उघडा ठेवू नये. त्यावर वॉलपेपर चिकटवून भागवण्याची जी पद्धत निघाली आहे ती धोक्याची आहे. त्यापुढे साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हवाच. जिप्सममध्ये पाणी बांधलेले असते, आगीत ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत बोर्ड आग अडवून धरतो. घरातून निसटायला तेवढी मिनिटे मिळतात. स्वयंपाकघराच्या भिंतीला, जिन्याला लागून असलेल्या जागेत आणि उंच इमारतीत थर्माकोल नकोच. तिथे रॉकवूल वापरावे, ते जळत नाही. ते हाताळताना हातमोजे आणि तोंडाला फडके असावे, खाज सुटते आणि तंतू नाकात जातात.

१४ जून २०१७ रोजी लंडनमधील ग्रेनफेल टॉवर या २४ मजली इमारतीला आग लागली आणि ७२ माणसे दगावली. आग एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरातील फ्रिजपासून सुरू झाली होती. पण ती सगळ्या इमारतीला लागली ती नूतनीकरणात बाहेरून बसवलेल्या पॉलिथिन भरलेल्या पत्र्यांमुळे आणि त्यामागील जळणाऱ्या फोममुळे. रमजानचा महिना होता. सेहरीसाठी जागे असलेल्या लोकांनी शेजाऱ्यांना उठवल्याच्या बातम्या त्या वेळी आल्या होत्या. तिथेही माल विकणाऱ्याने, निवडणाऱ्याने आणि लावणाऱ्याने आपापले काम केलेच होते.

लावण्याची रीत

भिंतीवरचा सुटा रंग व गिलावा खरवडून काढावा. ओळंबा लावून भिंत किती वाकडी आहे ते पाहावे, जुन्या इमारतीत वरून खाली अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो. जीआय चॅनलची उभी चौकट दोन-दोन फुटांवर करावी, बारा फुटांच्या भिंतीला सात उभे चॅनल लागतात. लाकडी पट्ट्या वापरू नयेत, वाळवीला आमंत्रण मिळते. लोखंडातून उष्णता थर्माकोलपेक्षा हजारपटीने जास्त वाहते, म्हणून चॅनल थेट भिंतीला न टेकवता मागे थर्माकोलची अर्धा इंची पट्टी ठेवावी. हे छोटे काम बहुतेक जण गाळतात आणि मग बोर्डावर चॅनलच्या जागी हाताला गरम पट्टे लागतात. तुळई आणि खांबही सोडू नयेत. काँक्रीटमधून उष्णता विटांच्या जवळजवळ दुप्पट वाहते. मधली भिंत झाकून खांब उघडा ठेवला तर काम अर्धेच झाले.

तक्त्यांमधल्या फटी थर्माकोलच्याच कापांनी भराव्यात. चिकटवण्यासाठी पाण्यात विरघळणारा पांढरा गोंद किंवा सिमेंटचा मसाला वापरावा. थिनर, पेट्रोल यांसारख्या द्रावणाचा गोंद थर्माकोल खाऊन टाकतो. विजेच्या वायरीही थर्माकोलला टेकू देऊ नयेत. दोन्हींचा संबंध आला की काही काळाने वायरीवरचे पीव्हीसी कडक होऊन तडकते. वायर पाइपात घालूनच न्यावी, स्विचबोर्डाची पेटी लोखंडी असावी. खाली फरशीपाशी व वर छतापाशी फट राहू देऊ नये, उंदीर आणि मुंग्या तिथूनच आत शिरून घर करतात. जड कपाट, गीझर किंवा टीव्ही कुठे टांगायचा ते आधीच विचारून तिथे चौकट मजबूत करावी.

मालाचा अंदाज असा : १२० चौरस फुटांना एक मीटर बाय अर्धा मीटरचे २४ तक्ते, सहा बाय चारचे जिप्सम बोर्ड हिशोबाने पाच, पण काटछाट धरून सहा. खोलीची जागा अडीच ते साडेतीन चौरस फूट कमी होते. हे कोटेशनमध्ये लिहून द्यावे. ज्या घरात इंच-इंच जागेचे भांडण आहे तिथे ही गोष्ट नंतर कळली तर हिशोबाच्या वेळी वाद होतो.

कामाचा हंगामही सांगून ठेवतो. मोजणी एप्रिल-मे महिन्यांत करावी, कारण तेव्हाच ग्राहकाला त्रास जाणवतो. सुक्या हवेच्या भागात काम लगेच करता येते. किनारपट्टीवर मात्र त्याच वेळी बयाणा घेऊन आधी बाहेरची दुरुस्ती उरकावी, पावसाळ्यात भिंत आतून पाहावी आणि बोर्डाचे काम दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत करावे. त्या महिन्यांत पीओपीच्या कारागिरांना कामही कमी असते.